संशोधन वर्गापर्यंत येऊ द्या: शिक्षक प्रशिक्षणाचे निर्णय घेणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
राज्यातील शिक्षक प्रशिक्षण, पाठ्यपुस्तके आणि मूल्यमापन यांविषयी निर्णय घेणारे अधिकारी व तज्ज्ञ,
तसेच विद्यापीठांच्या शिक्षणशास्त्र विभागांतील प्राध्यापक व संशोधक

सन्माननीय महोदय आणि महोदया,

सविनय नमस्कार.

मी बीड जिल्ह्यातल्या एका द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे. पहिली-दुसरी माझ्या सहकाऱ्यांकडे, तिसरी-चौथी माझ्याकडे. गाव ऊसतोड मजुरांचे. या पत्रातल्या एका विषयावर मी वरिष्ठांकडे रीतसर अर्ज दिला होता, त्याला उत्तर आले नाही. हा प्रश्न माझ्या एकटीच्या शाळेचा असता तर मी पुन्हा एक अर्ज लिहिला असता. तो तसा नाही, म्हणून सर्वांसमोर लिहिते आहे.

निमित्त असे झाले की यंदाच्या एका प्रशिक्षणानंतर आम्हाला सूचना मिळाली: वर्गातल्या प्रत्येक मुलाची अध्ययनशैली ठरवा आणि तिची नोंदवही ठेवा. दृक्, श्राव्य आणि कृतिप्रधान असे तीन रकाने आखून आले. सोबत प्रश्नावली आली. ‘तुला चित्र बघायला जास्त आवडते की गोष्ट ऐकायला?’ अशा प्रश्नांच्या उत्तरांवरून मूल कोणत्या रकान्यात घालायचे ते ठरवायचे, आणि पुढे त्याला त्याच पद्धतीने शिकवायचे. शाळाभेटीच्या वेळी ही वही तपासली जाणार आहे.

ही कल्पना ऐकायला छान आहे, पण ती तपासून झालेली आहे. हॅरॉल्ड पॅशलर, मार्क मॅकडॅनिएल, डग रोहरर आणि रॉबर्ट ब्यॉर्क या चार मानसशास्त्रज्ञांनी २००८ साली या विषयावरचे उपलब्ध संशोधन एकत्र वाचून त्याचा आढावा घेतला. मुलाची ‘शैली’ ओळखून त्या शैलीत शिकवल्यास ते अधिक शिकते, असे म्हणायला पुरेसा पुरावा नाही, हा त्यांचा निष्कर्ष होता. माणसांच्या आवडी वेगळ्या असतात, याबद्दल कोणाचे दुमत नाही. पण आवड वेगळी आणि शिकणे वेगळे. वजाबाकीतला हातचा समजायला काड्यांचा गठ्ठा सोडून दाखवावा लागतो, तो सगळ्याच मुलांना दाखवावा लागतो. कविता सगळ्यांनाच ऐकवावी लागते. काय दाखवायचे आणि काय ऐकवायचे हे विषयावर ठरते.

त्याच प्रशिक्षणात पडद्यावर एक त्रिकोण आला. वाचलेले १० टक्के लक्षात राहते, ऐकलेले २० टक्के, पाहिलेले ३० टक्के, आणि दुसऱ्याला शिकवलेले ९० टक्के. हा त्रिकोण राज्यातल्या बहुतेक शिक्षकांनी कधी ना कधी पाहिलेला असेल. त्याच्याखाली अनेकदा एडगर डेल या अमेरिकी शिक्षणतज्ज्ञांचे नाव असते. डेल यांनी १९४६ साली ‘अनुभवांचा शंकू’ मांडला हे खरे, पण त्यांच्या शंकूत टक्केवारी नव्हती. ती नंतर कोणीतरी चिकटवली. इतके नेमके दहा-दहाच्या पटीतले आकडे कोणत्याही खऱ्या प्रयोगातून निघत नाहीत, एवढी शंका तरी हा पडदा तयार करणाऱ्याला यायला हवी होती. मी विचारले, ‘हे आकडे कुठल्या अभ्यासातले?’ उत्तर मिळाले, ‘वरून आलेले मॉड्यूल आहे, मॅडम.’

सुलभक म्हणून, म्हणजे प्रशिक्षण द्यायला, आलेले गुरुजी माझ्यासारखेच शिक्षक होते. त्यांना दोन दिवसांत जे दिले गेले तेच त्यांनी आम्हाला दिले. माझा रोख त्यांच्यावर नाही. पुराव्याची विचारणाच होत नाही अशी एक साखळी तयार झाली आहे, आणि तिच्या शेवटच्या टोकाला माझ्या वर्गातली मुले बसलेली आहेत. ती मुले कोण, हे सांगितल्याशिवाय माझी तक्रार कळणार नाही.

दिवाळी झाली की गावातून टोळ्या निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते, ट्रॅक्टर येतो, त्यात भांडी, राहायचा तंबू, शेळी आणि मुले. काही मुले आजीकडे किंवा हंगामी वसतिगृहाच्या आधाराने मागे राहतात, बाकीची कारखान्याच्या तळावर जातात. पाडव्याच्या आगेमागे परत येतात. म्हणजे एकाच चौथीत माझ्यासमोर वर्षभर बसलेले मूल असते आणि शब्द विसरून आलेले मूलही असते. दोघांच्या हातात पुस्तक एकच. एप्रिलमध्ये दोघांची संकलित चाचणीही एकच.

गेल्या हंगामानंतर परतलेली चौथीतली एक मुलगी. आई-वडील तोडणी करायचे आणि ही वाढ्याच्या, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या, पेंढ्या विकायला बसायची. मी तिला विचारले, पंधरा रुपयांची एक पेंढी, गिऱ्हाइकाने आठ घेतल्या आणि दोनशेची नोट दिली, तर? तिने डोळेही मिटले नाहीत. ‘दोन पेंढ्यांचे तीस, चाराचे साठ, आठाचे एकशेवीस. ऐंशी परत.’ मग मी फळ्यावर उभी मांडणी करून पंधरा गुणिले आठ लिहिले. तिने पाटीवर उत्तर लिहिले ८४०. आठ पाचे चाळीस, ते पूर्ण लिहिले, आणि आठ एके आठ त्याच्या डावीकडे. तेच पंधरा, तेच आठ. आणि ८४० हे उत्तर चुकीचे असू शकते, असे तिला वाटलेसुद्धा नाही. फळ्यावरचे गणित आणि बाजारातले गणित यांचा एकमेकांशी काही संबंध असतो, हेच तिला कोणी सांगितलेले नव्हते.

अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास २०२५ साली ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांवरचा. ही मुले व्यवहारातले अवघड हिशेब तोंडी बिनचूक करतात, पण तेच गणित पुस्तकी रूपात आले की अडतात. उलट, शाळेत जाणारी आणि पुस्तकी गणित बरे जमणारी मुले बाजारातल्या हिशेबात अडखळतात. हा अभ्यास माझ्या वर्गाबद्दल आहे. मराठवाड्यातल्या प्रत्येक ऊसतोड गावातल्या वर्गाबद्दल आहे. तो प्रशिक्षणात आला असता, तर दोन दिवस आम्ही ‘दोनाचे तीस, चाराचे साठ’ या पायरीवरून उभ्या मांडणीवर मुलाला कसे आणायचे यावर बोललो असतो. आम्ही ते दोन दिवस मुलांना रकान्यांत घालायला शिकण्यात घालवले.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे आणि ती मला सविस्तर मांडू द्या. २०१९ साली बॅनर्जी, डुफ्लो आणि मायकेल क्रेमर यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले, तेव्हापासून ‘पातळीनुसार अध्यापन’ हे शब्द प्रत्येक भाषणात येतात. त्या कामाची सुरुवात आपल्याच मुंबईत आणि वडोदऱ्यात झाली. ‘प्रथम’ संस्थेच्या बालसखी उपक्रमात वस्तीतल्या तरुण मुली तिसरी-चौथीतल्या मागे पडलेल्या मुलांना रोज सुमारे दोन तास वेगळे बसवून पायाभूत गोष्टी शिकवत. मुलांच्या शिकण्यात स्पष्ट फरक पडला. भाषणांत एवढे सांगितले जाते.

पुढचे सांगितले जात नाही. हीच पद्धत सरकारी शाळांत सरकारी शिक्षकांकरवी चालेल का, हे पाहण्यासाठी निरनिराळ्या राज्यांत प्रयोग झाले. बिहारमध्ये आणि उत्तराखंडात शिक्षकांना प्रशिक्षण दिले, साहित्य दिले आणि शाळेच्या नेहमीच्या वेळापत्रकात ते वापरा म्हणून सांगितले. मुलांच्या शिकण्यात फारसा फरक पडला नाही. पण बिहारमध्येच, सरकारी शिक्षकांनीच, उन्हाळी शिबिरात हीच पद्धत वापरली तेव्हा मुले शिकली. शिबिरात पाठ्यक्रम पूर्ण करण्याचा धाक नव्हता. म्हणजे शिक्षकाला येत नव्हते असे नाही, त्याला तसे करू दिले जात नव्हते. पुढे हरियाणात हा धडा घेऊन रचना बदलली. रोजचा एक तास या कामासाठी राखून ठेवला. त्या तासापुरती तिसरी ते पाचवीची मुले इयत्ता बाजूला ठेवून पातळीनुसार गटांत बसवली. शिक्षकांच्या वरच्या पर्यवेक्षकांनी आधी स्वतः काही दिवस मुलांना या पद्धतीने शिकवले आणि मगच ते इतरांच्या वर्गात मार्गदर्शनाला गेले. मुलांचे वाचन सुधारले.

महोदय, या संशोधनाचा गाभा हाच आहे. नुसत्या प्रशिक्षणाने काही होत नाही. राखीव वेळ लागतो, आणि ज्याने स्वतः ते करून पाहिले आहे असा माणूस वर्गात सोबत लागतो. आपण या संशोधनातून प्रशिक्षण तेवढे उचलले, आणि नेमके तेच एकटे पुरत नाही असे त्या संशोधनाने दाखवले आहे. माझ्या शाळेत पातळीनुसार गट करा अशी सूचना आहे. कोणता घटक कोणत्या महिन्यात संपला पाहिजे याचे मासिक नियोजनही आहे. दोन्हींची तपासणी होते, दोन्हींसाठी वेळ एकच आहे. त्याच वेळात पोषण आहाराची नोंद, कुठल्याशा लिंकवर फोटो, सर्वेक्षण आणि मतदार यादीचे काम येते. सहकारी बैठकीला गेले की चारही इयत्ता माझ्याकडे.

देशाच्या ग्रामीण भागातल्या तिसरीतल्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी मुले ‘असर’ या देशव्यापी शैक्षणिक पाहणीत २०२२ साली २०.५ टक्के होती, २०२४ साली २७.१ टक्के. सुधारणा झाली, तिचा आनंद आहे. पण अजून दर चार मुलांतली जवळजवळ तीन मागेच आहेत, आणि तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला वाचन आणि गणित यावे यासाठी केंद्राच्या ‘निपुण भारत’ अभियानाने २०२६-२७ हे वर्ष ठरवलेले आहे. अशा वेळी एकेका तासाची किंमत फार आहे.

वाचनाबद्दल आणखी एक. आपल्याच भाषेत, आपल्याच राज्यात झालेला एक मोठा अभ्यास आहे. पालघर जिल्ह्यातला वाडा आणि कर्नाटकातले यादगीर या दोन ठिकाणी, मराठी आणि कन्नड शाळांत, शैलजा मेनन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीन वर्षे मुलांच्या वाचन-लेखनाचा मागोवा घेतला. त्याचा अहवाल २०१७ साली प्रसिद्ध झाला. अक्षर गिरवणे, शब्द उतरवणे यांत वर्गाचा वेळ जातो आणि अर्थाशी, मुलांच्या स्वतःच्या बोलण्याशी त्याचे नाते राहत नाही, हे त्यातून पुढे येते. कन्नडवर सोनाली नाग यांचे काम सांगते की भारतीय लिप्यांतली अक्षरे पक्की व्हायला इयत्तांमागून इयत्ता जातात, कारण इथे सव्वीस अक्षरांवर भागत नाही. मूळ वर्ण, त्यांची बाराखडी आणि वर जोडाक्षरे. मराठीत एका ‘र’ची रूपे पाहा: क्रम, कर्म, राष्ट्र, दुसऱ्या. चार शब्दांत चार वेगळी चिन्हे. तिसरीतले मूल ‘दुसऱ्या’ वाचताना थांबले, तर ते मंद नसते. आपली लिपी त्याच्याकडून जे मागते त्याला तेवढा वेळ लागतो. असे असताना पहिलीतच सगळी अक्षरे ‘झाली’ अशी टिकमार्क असलेल्या प्रगती-तक्त्याची अपेक्षा कोणत्या आधारावर ठेवली जाते?

हे अभ्यास मला कसे मिळाले, तर एका स्वयंसेवी संस्थेतल्या ताईंनी मोबाइलवर पाठवले म्हणून. इंग्रजीत. माझे इंग्रजी जेमतेम आहे, शब्दकोश घेऊन रात्री वाचते. मराठी मुलांवर, मराठी शाळांत झालेले संशोधन मराठी शिक्षकाला असे ओळखीतून मिळावे, हे बरोबर नाही.

इथे विद्यापीठांतल्या मान्यवरांना थेट बोलते. दरवर्षी आपल्याकडून एम. एड. आणि पीएच. डी.चे विद्यार्थी आमच्या शाळांत येतात. प्रश्नावली भरून घेतात, मुख्याध्यापकांचा शिक्का घेतात, जातात. आमच्या मुलांच्या उत्तरांवर प्रबंध होतात, ‘शोधगंगा’ या प्रबंधांच्या संकेतस्थळावर चढतात. मात्र त्या विद्यार्थ्यांपैकी कोणीही परत येऊन ‘ताई, तुमच्या वर्गात आम्हाला हे आढळले’ असे मला सांगितलेले नाही. होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राच्या सुरुवातीच्या काळात व्ही. जी. कुलकर्णी आणि त्यांचे सहकारी मुंबईच्या महापालिका शाळांतल्या मुलांसोबत काम करत होते आणि विज्ञान शिकण्यात पुस्तकाची अवघड भाषाच आड येते हे त्यांनी दाखवून दिले. संशोधक वर्गात बसला, मुलांसोबत राहिला, तर त्याच्या हाती काय लागते याचे हे आपल्या राज्यातले उदाहरण आहे. ते अपवादाने घडू नये.

आता २०१९ सालच्या प्रकरणाबद्दल. दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’सोबत ‘वीस एक’ असे वाचन आले आणि राज्यभर गदारोळ झाला. वाहिन्यांवर विनोद झाले, विधिमंडळात टीका झाली. गणिताच्या समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर शांतपणे समजावत राहिल्या की मराठी संख्यानामांत एकक आधी येतो आणि लिहिताना दशक आधी येतो, यामुळे लहान मुले गोंधळतात. हा गोंधळ कल्पनेतला नाही. जर्मन भाषेतही एकक आधी बोलतात, आणि जर्मन बोलणाऱ्या पहिलीच्या मुलांवरच्या अभ्यासात संख्या लिहिताना अंकांची अदलाबदल हीच मोठी चूक दिसली आहे. माझ्या वर्गात ‘सत्तावन्न’ सांगितले की ७५ लिहिणारी मुले दरवर्षी असतात. तरीही ‘वीस एक’ हाच त्यावरचा उपाय आहे का, हा वेगळा प्रश्न आहे, आणि तो वर्गात तपासून सुटतो. काही शाळांत एक पद्धत, काही शाळांत दुसरी, वर्षाअखेरीस कुठल्या मुलांची अदलाबदल कमी झाली ते मोजायचे, आणि आकडे मराठीत लोकांसमोर ठेवायचे. असे आकडे हातात असते तर त्या विदुषींना टिंगल सोसत बसावे लागले नसते, आणि आम्हालाही पालकांना काहीतरी ठोस सांगता आले असते.

पाठ्यपुस्तकांत नोंदींसाठी घातलेल्या कोऱ्या पानांचेही तसेच. २०२३-२४ ला आली, २०२५-२६ पासून गेली. दोन्ही वेळा आम्हाला फक्त निर्णय कळला, त्याचा आधार नाही.

मूल्यमापनाबद्दल थोडक्यात. २०१० पासून आम्ही वर्णनात्मक नोंदी लिहितो. त्यामागचा विचार चांगला होता. रूथ बटलर यांनी १९८८ साली दाखवले होते की नुसते गुण दिलेल्या मुलांपेक्षा केवळ शेरा मिळालेल्या मुलांचे पुढचे काम सुधारते, आणि गुण व शेरा एकत्र दिले तर शेऱ्याचा फायदाच नाहीसा होतो. हा शेरा मुलाने वाचायचा असतो, तोही काम ताजे असताना. आमच्या नोंदी वर्षातून दोनदा अधिकाऱ्यांच्या वहीत जातात. मूल त्या कधीच पाहत नाही. बाजारात तयार नोंदींची पुस्तके मिळतात, कारण वहीत नोंद असणे एवढेच तपासले जाते. मला माझ्या मुलांच्या वहीत ‘आठ पाचे चाळीसमधले चार दशक कुठे गेले, शोध बरे’ असे लिहायचे आहे. तोच शेरा नोंद म्हणून धरला जावा.

कोणी म्हणेल, संशोधन वगैरे शहरातल्या लोकांचे, खेड्यातल्या वर्गात त्याचा काय उपयोग. माझा अनुभव उलट आहे. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांचा २००६ सालचा एक प्रयोग मी वाचला. एकच उतारा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना आठवड्यानंतर त्यातले सुमारे ४० टक्के आठवले, आणि एकदा वाचून नंतर तो न बघता आठवून लिहिणाऱ्यांना ६१ टक्के. ती महाविद्यालयीन मुले होती, अमेरिकेतली. माझी मुले नऊ वर्षांची, त्यामुळे जसेच्या तसे उचलून चालणार नव्हते. मी ‘दहा वेळा लिहून आणा’ हा गृहपाठ बंद केला. आता सकाळी हजेरीनंतर पुस्तक मिटून पाट्या काढायच्या: मागच्या आठवड्यातले तीन प्रश्न. उत्तर चुकले तर लगेच शेजाऱ्याशी बोलून दुरुस्त करायचे, गुण नाहीत. सुरुवातीला पाट्या कोऱ्या राहायच्या. हळूहळू मुलेच विचारू लागली, ‘बाई, आज मागचे काय?’ हंगामावरून परतलेल्या मुलांना यात फार मदत होते, कारण वर्गाच्या मागच्या गोष्टी रोज त्यांच्या कानांवरून जातात आणि कोणी हसेल ही भीती नसते. एका अभ्यासातून एवढे मिळाले. यासाठी मला रकाने लागले नाहीत, निधी लागला नाही.

आणि संशोधन म्हणजे आदेश, असेही मला म्हणायचे नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी मॉन्टेसोरी पद्धत बोर्डीला आणि पुढे कोसबाडला नेली, तेव्हा महागडी साधने बाजूला ठेवून शंख-शिंपले, बिया, पाने घेतली, आणि मुले शाळेत येईनात तेव्हा शाळाच अंगणात नेली. बाहेरचा विचार घ्यायचा, तो आपल्या मुलांवर तपासायचा, बदलायचा आणि काय झाले ते लिहून ठेवायचे, ही रीत या मातीत जुनी आहे. आम्हाला कृतिसंशोधन करायला सांगतात ते याचसाठी असायला हवे. प्रत्यक्षात ठरलेल्या नमुन्यात अहवाल द्यायचा, उद्दिष्टे, गृहीतके, कार्यवाही, निष्कर्ष ‘सकारात्मक’. उपाय चालला नाही असा अहवाल कोणी लिहीत नाही, कारण तो कोणी मागत नाही. खरे तर काय चालले नाही हे शेजारच्या शाळेला कळणे सर्वांत उपयोगाचे.

माझ्या मागण्या अशा आहेत.

अध्ययनशैलीची वर्गवारी आणि तिची नोंदवही तातडीने रद्द करावी. कोणत्याही मुलाच्या नावापुढे ‘श्राव्य’ किंवा ‘कृतिप्रधान’ असा शिक्का राहू नये.

यापुढे प्रत्येक प्रशिक्षण-साहित्यात मुख्य दाव्यांचा आधार मराठीत छापावा: अभ्यास कोणी केला, कोणत्या मुलांवर, काय आढळले आणि काय आढळले नाही. आधार नसेल तर ‘हा अनुभवातून आलेला सल्ला आहे’ असे स्पष्ट लिहावे. त्यात कमीपणा नाही.

तिसरी ते पाचवीसाठी रोज एक तास पातळीनुसार वाचन आणि गणितासाठी राखून द्यावा, लेखी आदेशाने. त्या तासात कोणतीही बैठक, लिंक, सर्वेक्षण किंवा माहितीची मागणी नको. त्या तासात काय झाले याची विचारणा पाठ्यक्रमाच्या मापाने करू नये. ऊसतोड गावांत पाडव्यानंतर परतलेल्या मुलांसाठी हाच तास दोन तासांचा करण्याची मुभा शाळेला द्यावी.

आसपासच्या शाळांवर देखरेख करणाऱ्या केंद्रप्रमुखांना कागदांतून मोकळे करून वर्गात बसू द्यावे. मार्गदर्शनाला येण्यापूर्वी त्यांनी काही दिवस स्वतः त्या तासाला शिकवलेले असावे.

महिन्याच्या शिक्षण परिषदेतला अर्धा वेळ सूचना वाचण्याऐवजी एका अभ्यासावर आणि आमच्या मुलांच्या खऱ्या वह्यांवर बोलण्यासाठी द्यावा. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शिक्षकासाठी वर्षाला ५० तासांचा व्यावसायिक विकास सांगितला आहे. हे तास त्यात धरावेत.

पाठ्यपुस्तक, संख्यावाचन, मूल्यमापन यांतला कोणताही मोठा बदल राज्यभर लागू करण्याआधी निवडक शाळांत करून पाहावा. त्या शाळांत ऊसतोड गावे, आदिवासी पाडे आणि द्विशिक्षकी शाळा असल्याच पाहिजेत. निकाल, चांगला असो वा वाईट, मराठीत जाहीर करावा.

विद्यापीठांनी शालेय शिक्षणावरच्या प्रत्येक प्रबंधासोबत शिक्षकांसाठी दोन पानांचा मराठी गोषवारा सक्तीचा करावा, आणि ज्या शाळांतून माहिती घेतली तिथे तो प्रत्यक्ष पोहोचवल्याची नोंद असल्याशिवाय प्रबंध स्वीकारू नये.

यांतल्या पहिल्या दोन मागण्यांना पैसा लागत नाही, नवे पद लागत नाही. एका परिपत्रकाने त्या पूर्ण होतात. राखीव तासाचा निर्णयही जिल्हा पातळीवर निदान काही केंद्रांत लगेच करून पाहता येईल, आणि आमच्या केंद्रात तो करायचा असेल तर माझी शाळा तयार आहे. मुलांच्या सुरुवातीच्या आणि शेवटच्या चाचण्या आम्ही घेऊ, कोणाला त्या तपासायच्या असतील तर वह्या उघड्या ठेवू.

दिवाळीनंतर टोळ्या निघतात. राखीव तासाचा आदेश त्याआधी आला, तर जाणाऱ्या मुलांना निदान काही आठवडे तरी त्यांच्या पातळीवरचे वाचून-लिहून जाता येईल. तो कधी निघेल, हे कृपया तारखेसह कळवावे.

आपली नम्र,
एक प्राथमिक शिक्षिका
जिल्हा बीड